सांता फेचे वऱ्हाडी

एरवी या सदरातून मी वाचकांना उपदेश करण्याच्या भानगडीत पडत नाही. दिवसभर वर्गात तोच उद्योग केल्यावर घरी येऊन पुन्हा करण्याची हौस राहत नाही. पण दिवाळी अंकाची गोष्ट वेगळी. संपादकांनी जागा सढळ दिली आहे, आणि गेल्या वर्षापासून माझ्याकडे एका विषयाची चौकशी इतक्या वेळा झाली आहे की एकदाच सगळे लिहून टाकावे म्हणतो.

विषय असा. ज्या घरातले मूल अमेरिकेत नाही असे घर आमच्या गल्लीत आता शोधावेच लागते. ही मुले लग्नाला उभी राहिली की वऱ्हाड तिकडे निघते. न्यू यॉर्क, शिकागो ही नावे आपल्या कानांना सवयीची झाली आहेत. पण आमच्या पुतणीने लग्न ठरवले ते न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फे या गावी, आणि मुलगाही तिथलाच, बारा पिढ्यांपासून त्या मातीत राहिलेल्या स्पॅनिश बोलणाऱ्या घरातला. "सांता फे म्हणजे कुठे आले हो?" असे मला तेव्हापासून दहा जणांनी विचारले. त्या दहा जणांसाठी आणि पुढे ज्यांना अशी पत्रिका येईल त्यांच्यासाठी हे चार शब्द.

सांता फे अमेरिकेच्या नैर्ऋत्येला. वाळवंटी मुलूख, पण जैसलमेरसारख्या वाळूच्या टेकड्या डोळ्यांसमोर आणू नका. तांबूस माती, खुरटी झाडे, दूरवर निळे डोंगर, आणि वर एवढे आकाश की आपल्या गल्लीत राहून आपण किती थोडे आकाश वापरतो हे कळावे. विमान उतरते अल्बुकर्कीला. तिथून साठ-पासष्ट मैल. आगगाडी आहे, स्वस्तही आहे, पण तिच्या वेळा थोड्या. तेव्हा चार माणसे असतील तर गाडी भाड्याने घेणे बरे. एक गोष्ट वेळीच सांगून ठेवतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अल्बुकर्कीला मोठाल्या फुग्यांची जत्रा भरते. 1972 पासून चाललेली ही जत्रा पाहायला जगभरचे लोक येतात, आणि हॉटेलांचे भाव त्या फुग्यांच्याही वर जातात. लग्न त्या दिवसांत असेल तर खोल्या चारसहा महिने आधी धराव्यात.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे सात हजार फूट उंच आहे. म्हणजे तिथल्या चौकात तुम्ही नुसते बाकावर बसलात तरी कळसूबाईच्या शिखरापेक्षा दीड हजार फूट वर बसलेले असता. हवा विरळ आणि कोरडी. वर्षाचा पाऊस चौदा इंचांच्या आसपास. पहिला दिवस विश्रांतीचा ठेवा. तहान लागो न लागो, पाणी प्या. मद्य घेणाऱ्यांनी निम्मे घ्यावे. ओठांना, टाचांना लावायला काहीतरी स्निग्ध जवळ ठेवा. आमच्या वहिनींची खोबरेल तेलाची बाटली तिसऱ्या दिवशी सगळ्या वऱ्हाडाची झाली होती. दुपारी ऊन भाजते आणि सूर्य मावळला की हुडहुडी भरते, म्हणून शालूवर शाल हवीच.

हे सगळे पुतणीने आधी कळवले होते. पण आमचे थोरले दादा साक्री तालुक्यातले शेतकरी. "मला डोंगर शिकवू नका," म्हणाले, आणि पोचल्याच्या दिवशी तासभर ताड ताड चालत सुटले. शेवटी चौकातल्या बाकावर बसले ते पांढरेफटक होऊन. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी काही न विचारता आपली पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. दादा प्यायले, आणि अर्ध्या तासाने म्हणाले, "हवेत काही दम नाही इथल्या."

दादांचा राग खरे तर हवेवर नव्हता. मुलीने परक्या देशातला, परक्या धर्माचा मुलगा निवडला, हे त्यांच्या मनातून जात नव्हते. विरोध त्यांनी केला नाही. "तुमचे तुम्ही पाहा," एवढेच म्हणाले. लग्नाला आले तेही वहिनींसाठी. आणि येताना विमानात मला सांगून ठेवले, "कन्यादान मी करायचा नाही. तिने स्वतःला देऊन टाकलेच आहे. देणारा मी कोण?" हे वाक्य घेऊन मी सांता फे पाहिले, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

गाव पायी पाहण्यासारखे आहे. मधला चौक, ज्याला ते प्लाझा म्हणतात, तिथून सुरुवात करा. उत्तरेच्या बाजूला गव्हर्नरांचा जुना वाडा आहे. 1610 च्या सुमाराचा, जाड मातीच्या भिंतींचा, एकमजली, लांब ओसरीचा. या ओसरीवर आसपासच्या प्वेब्लो आणि इतर आदिवासी जमातींचे कारागीर फडके अंथरून बसतात आणि चांदीचे, पिरोज्याचे दागिने, मातीची भांडी विकतात. माल त्यांच्या घरच्या हातचाच असावा लागतो, असा तिथला नियम आहे. लग्नात द्यायला दोन तोंडांचा मातीचा कुंभ मिळतो. वधूवरांनी एकाच पाण्याचा एकेका तोंडाने घोट घ्यायचा, अशी त्यांची रीत. आम्ही तोच दिला. घासाघीस मात्र करू नये. वहिनींनी सवयीने "काही कमी?" असे विचारायला सांगितले. मी विचारले, आणि समोरच्या बाईंनी इतक्या शांतपणे "नाही" म्हटले की पुन्हा कोणाकडे विचारायचा मला धीर झाला नाही.

याच ओसरीत थोडा इतिहासही आठवावा. स्पॅनिश लोकांनी इथल्या प्वेब्लो लोकांवर आपला धर्म आणि वेठ लादली. 1680 साली पोपे नावाच्या पुढाऱ्याने गावोगाव गाठी मारलेल्या दोऱ्या धाडल्या. रोज एक गाठ सोडायची, गाठी संपल्या की उठायचे. ज्या वर्षी एप्रिलमध्ये रायगडावर शिवछत्रपतींनी देह ठेवला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हा उठाव झाला आणि स्पॅनिशांना हे गाव सोडून पळावे लागले. ते परतले 1692 साली. पुढे 1821 मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला तेव्हा हे गाव त्याच्याकडे गेले, आणि 1846 मध्ये अमेरिकेने घेतले. राज्याचा दर्जा मिळाला तो थेट 1912 मध्ये. या इतिहासाच्या जखमा सगळ्या भरल्या आहेत असे नाही. चौकाच्या मधोमध सैनिकांच्या स्मरणाचा एक स्तंभ होता. 2020 साली जमावाने तो पाडला. पाहुण्याने अशा गोष्टींत मत देऊ नये, ऐकून घ्यावे.

चौकापासून हाकेच्या अंतरावर संत फ्रान्सिसचे दगडी कॅथीड्रल आहे, आणि पलीकडे लोरेटोचे छोटे प्रार्थनामंदिर. तिथला लाकडी गोल जिना पाहाच. तेहतीस पायऱ्या, दोन पूर्ण वेढे, आणि मधे खांब नाही. कोणी अनोळखी सुतार आला, जिना बांधून पैसे न घेता निघून गेला, अशी आख्यायिका. पुढे सान मिगेलचे मातीचे जुने चर्च आहे, आणि चित्रांच्या दुकानांनी भरलेला कॅन्यन रोड. चित्रे विकत घेणे आपल्या आवाक्यातले नाही, पण पाहायला पैसे पडत नाहीत. जॉर्जिया ओकीफ या चित्रकर्त्रीने या मुलखातली हाडे, फुले आणि डोंगर रंगवले; तिच्या चित्रांचे संग्रहालय 1997 पासून इथे आहे. मुले बरोबर असतील तर टेकडीवरचे लोककलांचे संग्रहालय चुकवू नका. अलेक्झांडर गिरार्ड नावाच्या गृहस्थाने जगभरची खेळणी जमवून एक लाखाहून अधिक वस्तू त्याला देऊन टाकल्या. त्यांत आपल्याकडचीही आहेत. सात हजार फुटांवर, काचेआड आपल्या जत्रेतली खेळणी दिसली की काय वाटते, ते अनुभवावे.

पण मला सर्वांत नवल वाटले ते घरांचे. चिखलात गवताचा काड मिसळून उन्हात वाळवलेल्या विटा, वरून मातीचा गिलावा, सपाट छत, छताखाली आख्खी गोल लाकडे. त्यांची टोके भिंतीबाहेर आलेली. म्हणजे आपले धाब्याचे घर! दादा एका भिंतीला हात लावून उभे राहिले. आमच्या गावचे वडिलार्जित धाब्याचे घर आम्ही पंचवीस वर्षांपूर्वी पाडले आणि स्लॅब टाकला. इथे 1957 साली कायदाच केला की जुन्या भागात घर बांधायचे तर याच धर्तीवर. परिणाम असा की आज पुष्कळ जण सिमेंटची भिंत बांधून तिला मातीचा रंग देतात, आणि खऱ्या मातीचे घर बांधणे हे पैसेवाल्याचे काम होऊन बसले आहे. "आपण पाडले ते हे लोक रंगवून उभे करतात," दादा म्हणाले. प्रवासातले त्यांचे हे पहिले लांब वाक्य.

आता पोटपूजा. न्यू मेक्सिकोत जेवायला बसलात की वाढपी पहिला प्रश्न विचारतो, "लाल की हिरवी?" म्हणजे मिरचीचा रस्सा कोणता? हा प्रश्न तिथे इतका महत्त्वाचा की राज्याने तो आपला अधिकृत प्रश्न म्हणून मान्य केला आहे! दोन्ही हवे असतील तर "ख्रिसमस" म्हणायचे. उन्हाळा सरता सरता चौकाचौकांत जाळीच्या फिरत्या पिंपांत हिरव्या मिरच्या आगीवर भाजतात, आणि वास असा सुटतो की खानदेशात भरताची पार्टी चालली आहे. घराघरांच्या दारांवर लाल मिरच्यांच्या लांबलचक माळा. वहिनींना तिथेच माहेर सापडले. मिरची मूळची त्याच गोलार्धातली. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आणली. तेव्हा ठेचा खाणाऱ्याने या मुलखाकडे कुळाचे मूळ म्हणून पाहावे.

निळ्या मक्याच्या भाकऱ्या, चुन्याच्या पाण्यात शिजवून सोललेल्या मक्याचे पोसोले, पुरीसारखी फुगणारी सोपापिया आणि तिच्यावर मध, हे सगळे चाखण्यासारखे. पण शाकाहारी माणसाने एक शब्द पाठ करून जावा: मांतेका. मांतेका म्हणजे डुकराची चरबी. ती उसळीत असते, पिठात असते, आणि दिसत नाही. आमच्या वऱ्हाडात वहिनींचे थोरले बंधू, म्हणजे मुलीचे मामा, मडगावचे. लहानपणी पोर्तुगीज शाळेत तीन यत्ता शिकलेले. एका खाणावळीत वाढप्याने प्रामाणिकपणे सांगितले की घेवड्यात मांतेका आहे. मामा हसून म्हणाले, "खा गो निर्धास्त! मांतेका म्हणजे लोणी." पोर्तुगीजांत जवळजवळ तसाच शब्द लोण्याला आहे, हे खरे. जन्मात अंडे न खाल्लेल्या वहिनींनी दोन वाट्या घेवडा खाल्ला आणि पाककृती विचारली. संध्याकाळी पुतणीने अर्थ सांगितला. वहिनी काही बोलल्या नाहीत. मामांनी मात्र दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास केला. आणि दादा, चार दिवस न हसलेले आमचे दादा, हसता हसता खाटेवरून खाली यायचे बाकी राहिले. भाषा शिकवणाऱ्या माणसाने सांगतो, बहिणी-बहिणी भाषांवर कधी विसंबू नये. जाता जाता हेही, की जेवणाच्या बिलावर वीस टक्क्यांपर्यंत बक्षिसी ठेवायची असते. तिथे वाढप्याचा संसार त्यावर चालतो.

गावाबाहेर जायला एक दिवस मोकळा असेल तर तीन वाटा आहेत. पस्तीस मैलांवर लॉस अलामॉस. तिथे 1943 पासून अणुबॉम्ब घडवला गेला. शास्त्रज्ञ आधी सांता फेतल्या एका साध्या कचेरीत हजर होत आणि मग डोंगरावर नाहीसे होत. त्यांचा मुख्य ओपेनहायमर गीता वाचणारा होता, हे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. त्या डोंगरावर उभे राहिल्यावर मला तो अभिमान काही वाटला नाही. दुसरी वाट टाओस प्वेब्लोची, सत्तरएक मैल. मातीची मजल्यावर मजले चढवलेली वस्ती, 1992 पासून जागतिक वारसा. लोक तिथे अजून राहतात, म्हणून विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नये. तिसरी वाट चिमायोची. 1816 चे एक लहानसे देऊळवजा चर्च. आत एका खोलीत जमिनीला खळगा, त्यातली माती भाविक अंगाऱ्यासारखी नेतात. गुड फ्रायडेच्या सुमारास हजारो माणसे दुरून पायी चालत येतात. एका कोपऱ्यात बऱ्या झालेल्या माणसांनी सोडलेल्या कुबड्या. वहिनींनी चिमूटभर माती रुमालात बांधून घेतली. मला पंढरीची वाट आठवली.

मुलाचे घर याच बाजूच्या एका खेड्यात. लग्नाच्या दोन दिवस आधी व्याह्यांनी दादांना खुणेने बोलावले आणि घरामागे नेले. मी दुभाष्या म्हणून मागोमाग. घरामागून एक मातीचा पाट वाहत होता. याला ते असेकिया म्हणतात. शब्द मूळ अरबी, स्पेनमार्गे इकडे आलेला. गावाने मिळून पाट राखायचा, एक माणूस मायोर्दोमो म्हणून नेमायचा, त्याने ज्याला त्याला पाळीप्रमाणे पाणी द्यायचे. व्याही हे स्वतः त्या पाटाचे मायोर्दोमो.

पांझराकाठच्या फड पद्धतीत दादांची उभी हयात गेलेली. बंधारा, पाट, पाटकरी, फडाच्या पाळ्या. त्यांनी पहिला प्रश्न केला, "शेपटाच्या माणसाला पाणी पोचते का?" मी उलथा करून सांगितले. व्याही थांबले, दादांकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "कमी असले की सगळ्यांनाच कमी." दादा म्हणाले, "पाट काढायला कोणी आला नाही तर?" "दर वसंतात प्रत्येक घरातून माणूस यावा लागतो. नाही आला तर पैसे भरतो." "आमच्याकडेही तसेच होते," दादा म्हणाले. मग दोघे पाटाच्या कडेने चालू लागले. तासाभराने मी थकून परतलो. ते तिन्हीसांजेला आले, दोघांच्याही पायांना चिखल. मधल्या वेळात दुभाष्याशिवाय ते काय बोलले ते मला माहीत नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी चर्चमधला विधी. तेरा नाणी वराने वधूच्या ओंजळीत घालायची, आणि दुहेरी फासाची एक माळ दोघांच्या खांद्यांवर मिळून टाकायची. आपल्या शेला-उपरण्याच्या गाठीचीच बहीण. दुपारी घराच्या अंगणात आपली पद्धत. अल्बुकर्कीहून आलेले गुरुजी तेलुगू, त्यांना मंगलाष्टके ठाऊक नव्हती. ती मी माझ्या बेसूर गळ्यात म्हटली. मामा मुलीच्या पाठीशी उभे होते. अंतरपाट दूर झाला आणि गुरुजींनी वधूपित्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहू लागलो.

दादा उठून पुढे आले. खिशातून पाण्याची एक लहान बाटली काढली आणि वहिनींच्या हातातल्या झारीत ओतली. पहाटे पाटावर जाऊन भरून आणलेली. मग जावयाच्या आणि मुलीच्या हाताखाली आपला हात धरला. वहिनींनी धार सोडली.

रात्री मेजवानीनंतर तिकडची शेवटची रीत झाली. तिला एन्त्रेगा म्हणतात, अर्थ सोपवणे. एक वृद्ध गृहस्थ गिटारीवर चार-चार ओळींची पदे म्हणत होते. संसाराचा उपदेश, थोडी थट्टा, थोडे रडवणे. आपली पाठवणीच म्हणा. फरक एवढा की त्यांनी मुलगी मुलाच्या आईबापांच्या हाती दिली आणि मग मुलाचा हात धरून त्याला दादा-वहिनींपुढे आणून उभे केले. त्यालाही सोपवायचे असते! दादांना मी कानात अर्थ सांगितला. त्यांनी पुन्हा विचारले, "याला आपल्याला दिला?" मी म्हटले, "हो." दादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

असो. लग्न कुठल्या महिन्यात असावे हे पाहुण्याच्या हाती नसते. तरी सांगतो. जुलै-ऑगस्टात दुपारी वळवासारखा पाऊस येतो, आणि कोरडे ओढे क्षणात भरून वाहतात. त्यांत उतरू नये. सप्टेंबरच्या तोंडाला झोझोब्रा नावाचा पन्नासएक फुटी दुःखाचा पुतळा जाळतात, 1924 पासून. आपल्या रावणाचाच भाऊबंद, फक्त याच्या पोटी लोकांच्या वर्षभराच्या चिंता. आणि नाताळच्या आदल्या रात्री कागदी पिशव्यांत वाळू घालून, त्यात मेणबत्ती लावून गावभर भिंतींवर, छतांवर, रस्त्याकडेला ओळी मांडतात. पुतणीने त्याचा फोटो पाठवला होता. दादांनी तो पाहून विचारले, "दिवाळी एवढी उशिरा का यांची?"

या मार्चमध्ये त्यांनी मुद्दाम मला फोन करायला लावला. मुलीची खुशाली विचारून झाल्यावर म्हणाले, "जावई पाट काढायला गेला होता का, ते विचार." गेला होता. दोन्ही तळहातांना फोड आले होते. दादांनी ऐकले आणि म्हणाले, "मग ठीक आहे."

तुम्हांला तिकडची पत्रिका आली तर जरूर जा. पहिल्या दिवशी बसून राहा, पाणी प्या, आणि मांतेका हा शब्द विसरू नका.